चारशे सूर्यांचा तारा

वजनाचा अंदाज आमच्या घरात माझाच चालतो. पाहुणा दारात उभा राहिला की मी किलोत सांगते. त्यामुळे शेजारच्या दीर्घिकेतल्या महाकाय ताऱ्यांची वस्तुमानं काढायला वेधशाळेने हौशी माणसं मागवली, तेव्हा मी अर्ज ठोकला. पदवी नाही, पण वाचनालयातली खगोलाची दोन कपाटं मी कोळून प्यायले आहे. अट एकच: एक तारा नीट मोजून दाखवा, मग पथकात घेऊ.

दोन फोटो मिळाले, एक वीस वर्षांपूर्वीचा, एक आत्ताचा. रीत सोपी. तारा किती उजळ दिसतो आणि किती लांब आहे, यावरून त्याचं खरं तेज. रंगावरून तापमान. दोन्हींवरून वस्तुमान. माझा तारा निळाशार, म्हणजे चांगलाच तापलेला. दीर्घिकेचं अंतर घातलं आणि उत्तर आलं, चारशे सूर्य!

"पुन्हा एकदा बघ," हे म्हणाले.

"तीनदा बघितलं."

"पडद्यांचं मापही तीनदाच घेतलं होतंस."

तोवर वन्संनी फोनवरून अख्खं गोत जागं केलं होतं. सासूबाईंनी ताऱ्याला मामंजींचं नाव द्यायचं ठरवूनही टाकलं. रविवारी निकालाला सगळं बिऱ्हाड वेधशाळेच्या सभागृहात पहिल्या रांगेत, वरपक्षासारखं नटून.

वेधशाळेच्या बाईंनी माझे कागद चाळले, दोन्ही फोटो एकावर एक धरले.

"ताई, बाकीचे तारे जुळतात. तुमचा सरकलाय. दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं की. छापताना हलला असेल म्हणून मीच पेन्सिलीने जागेवर नेऊन ठेवला."

बाईंनी चष्मा काढला. "अहो, इतक्या लांबचा तारा वीस वर्षांत असा सरकत नाही. हा त्या दीर्घिकेत नाहीच. आपल्याच अंगणात, तिच्या वाटेत उभा आहे. जवळ म्हणून उजळ दिसतो. विझत चाललेला श्वेतबटू. वस्तुमान अर्धा सूर्य."

तेवढ्यात सासूबाईंची कुजबुज, मागच्या भिंतीपर्यंत पोचेल अशी: "मग तर ह्यांचंच नाव द्या. अंगाने ते असेच होते."

हशा ओसरेपर्यंत मी कागद गोळा करून उठले.

"बसा हो," बाई म्हणाल्या. "हाच तारा आणखी सात जणांना दिला होता. सरकलाय हे एकालाही दिसलं नाही. तुम्हाला घेतलंय. फक्त आकाशात आवराआवर करू नका."

आता पथकात माझं स्वतःचं टेबल आहे. त्यावर सगळं काही आहे, पेन्सिल सोडून. ती बाईंकडे मागावी लागते, कशाला हवी ते सांगून.