मांजरांना नोटीस देणारे बेलीफमामा

बेलीफमामा मांजराला हाकलण्याआधी तोंडी नोटीस देत. वांग्याच्या वाफ्याशी कमरेवर हात ठेवून उभे राहत आणि म्हणत, ‘जागा खाली करा. कब्जा बेकायदा हाय.’ मांजर निवांत पाय चाटत बसे. मग मामा पाण्याचा तांब्या उगारत. पण दुष्काळातलं पाणी मांजरावर कोण फेकणार? तांब्या तसाच खाली येई.

कोर्टाच्या नोटिसा बजावून, घरं खाली करवून बेलीफ म्हणून रिटायर झालेले मामा लातूरला माझे शेजारी होते. बायको वारलेली, मुलगी किनवटला दिलेली. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि त्याचं मामांना भारी अप्रूप. ‘आता आपण जिल्हा हाव,’ ते मांजरांनाही बजावत, ‘तालुक्यावानी वागून चालणार न्हाई.’

टँकरच्या पाण्यानं मामा आंघोळ करत ती वांग्याच्या वाफ्याला लागून, दगडावर बसून. पाणी सरळ झाडांना जाई. अख्ख्या गल्लीत तेवढीच माती ओली आणि भुसभुशीत, त्यामुळं सगळी भटकी मांजरं परसाकडं तिथंच येत. मामांनी वाफ्यात बाभळीचे काटे पसरले. मांजरं काटे चुकवून आत शिरली. काटा मोडला तो मामांच्याच टाचेत.

त्यातली तांबडी मांजर लई निगरगट्ट. एका सकाळी ती वांग्याच्या सावलीत चार पिलांना पाजत पडलेली दिसली. मी पोतं घेऊन गेलो.

‘मामा, औशाच्या रस्त्याला सोडून येतो सगळ्यांना.’

मामा वाफ्यासमोर आडवे उभे राहिले. ‘तिकडं प्यायला पाणी हाय का?’

‘तुम्हीच तर रोज हाकलता.’

‘ते वेगळं. आता बाळंतपण हाय तिचं.’ मग आवाज खाली आला. ‘नोकरीत एकदा ओल्या बाळंतिणीचा संसार उन्हात काढून ठेवला होता. कागद बरोबर होता. बाईनं नुसतं पाणी मागितलं.’

मामांनीच माझ्या हातातलं पोतं घेतलं आणि काठ्यांवर ताणून पिलांवर सावली केली. पिलं भिजतील म्हणून आंघोळ मोरीत सुरू झाली. आठवड्याभरात वांगी माना टाकू लागली. मामांनी तिकडं पाहिलंही नाही.

एका संध्याकाळी त्यांनी मला चहाला बोलावलं. कप पुढं करताना माझ्या नजरेला नजर देईनात.

‘कोराच घ्या आज. दूध नासलं.’

अंगणात तांबडी बशी चाटत होती.