मॅडमसाठी शेण

प्रेमाला जाऊन दीड महिना झाल्यावर एका बुधवारी भिकाजींनी पहिल्यांदाच तुळशीला पाणी घातलं, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

एसी दुरुस्तीच्या कंपनीत फोरमन असलेल्या भिकाजींना अख्ख्या मस्कतचे कंप्रेसर तोंडपाठ होते; पण अल् घुब्र्यातल्या आपल्याच बाल्कनीतल्या कुंडीला पाणी कधी लागतं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. तुळशीची पार काडी झालेली पाहून त्यांना इतकं अपराधी वाटलं, की त्यांनी अख्खी बादली ओतली. शुक्रवारी सकाळी पाहतात तर कुंडीत मातीवर ठेवलेल्या गोळ्याला भोक पडलेलं, आणि शेजारी अंगठ्याएवढा काळा कुळकुळीत किडा बसलेला.

तो गोळा प्रेमाचा. ईदच्या सुट्टीत दोघं टांझानियाला सफारीला गेली होती. सिंह, हत्ती, गेंडा, बिबट्या आणि रानम्हैस पाहिल्याशिवाय परतायचं नाही, असा भिकाजींचा पण होता. खिशात यादी आणि गळ्यात दुर्बीण होती. प्रेमाचं लक्ष मात्र भलतीकडेच. सिंहीण झुडपातून बाहेर येऊन बसली तेव्हा ही जीपच्या दुसऱ्या बाजूनं खाली वाकून पाहत होती.

“अहो, इकडे बघा ना. एवढासा जीव आणि केवढा गोळा ढकलतोय. तोही पाठमोरा.”

“प्रेमा, सिंहीण. समोर.”

“ती नुसती बसलीय. हा कामात आहे.”

गाईडनं सांगितलं, की तो गोळा हत्तीच्या शेणाचा. त्यात किडा अंडं घालतो आणि पिल्लू आतूनच शेण खात मोठं होतं. जेवायला थांबले तिथं रानडुकरानं उकरलेल्या खड्ड्यापाशी तसलाच एक वाळका गोळा पडला होता. प्रेमानं तो गुपचूप रुमालात बांधला. “टाक ते,” असं भिकाजी तीनदा म्हणाले. घरी आल्यावर तिनं तो तुळशीत ठेवला, आणि महिन्याभरानं एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या ती गेली. मेंदूत रक्तस्राव झाला होता, असं डॉक्टर म्हणाले.

आता आतला जीव बाहेर आला होता, आणि त्याला बघायला जिला हवं होतं तीच नव्हती. भिकाजी बराच वेळ तिथं उकिडवे बसले. मग त्यांच्या डोक्यात फोरमनचा प्रश्न आला, की हा खाणार काय?

केळ्याकडे किड्यानं पाहिलंही नाही. भिजवलेल्या पोळीवरून तो चालत गेला. मस्कतमध्ये हत्ती नाही, म्हणून भिकाजी रुवीच्या बाजारात जाऊन पूजेच्या दुकानातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या गोवऱ्या घेऊन आले. त्या कोमट पाण्यात भिजवल्या. किड्यानं एकदा मिशा लावल्या आणि तो कोपऱ्यात जाऊन बसला. संध्याकाळी भिकाजींनी सहमला हुसैनमियाँला फोन लावला. हुसैनमियाँ रत्नागिरीचा; सहमला, मळ्यांच्या गावात, त्याचं किराणा दुकान होतं.

“हुसैन, तुझ्याकडे ताजं शेण मिळेल?”

“शेण?”

“ताजं हवं. वाळलेलं चालत नाही.”

“ये उद्या,” हुसैनमियाँ म्हणाला. बायको गेलेल्या माणसाला जास्त विचारू नये, एवढं त्याला कळत होतं.

शनिवारी भिकाजी दोन तास गाडी चालवत, शेजारच्या सीटवर आइस्क्रीमचा रिकामा डबा घेऊन सहमला पोचले. हुसैनमियाँ त्यांना महमूदच्या मळ्यावर घेऊन गेला. महमूद साठीचा, पांढऱ्या दाढीचा ओमानी. मळ्यावरच्या मजुरांशी बोलून बोलून हिंदी शिकलेला. त्याच्याकडे सहा गाई आणि दोन उंट होते.

“किसको चाहिये?” डब्याकडे पाहत त्यानं विचारलं.

किडा, आफ्रिका, हत्ती, रुमाल, हे सगळं हिंदीत कसं सांगायचं, भिकाजींना सुचेना. त्यांच्या तोंडून निघून गेलं, “मॅडम को.”

“मॅडम को? गार्डन है?”

“हां. गार्डन.”

“कितना बडा?”

भिकाजींनी हात पसरले. पसरताना ते जरा जास्तच पसरले गेले. हुसैनमियाँ खाली वाकून चपलेचा पट्टा चाचपत राहिला.

“इस में क्या होगा?” महमूदनं डबा भरून दिला आणि मान हलवली. “मॅडम को बोलो, महमूद है. इन्शाल्ला.”

परतीच्या वाटेवर हुसैनमियाँ एवढंच म्हणाला, “पत्ता मागत होता तुझा. दिला मी.”

किड्याला शेण पसंत पडलं. तासाभरात त्यानं सुपारीएवढा गोळा वळला आणि मागच्या पायांनी ढकलत बाल्कनीभर फिरू लागला. भिकाजी रोज संध्याकाळी कामावरून आले, की खुर्ची टाकून बसत. आठवडा असा गेला.

पुढच्या शुक्रवारी सकाळी खालून वॉचमन दिलशादचा इंटरकॉम आला. “साब, आपका गोबर आया है.”

“कुठलं गोबर?”

“पूरा पिकअप है, साब. गेट पे है. वर्माजी की गाडी अटक गयी है.”

भिकाजी शर्ट घालेपर्यंत दारावर थाप पडली. दारात खुद्द महमूद उभा होता. इस्त्रीचा पांढरा पायघोळ झगा, म्हणजे दिशदाशा, डोक्यावर भरतकामाची टोपी आणि हातात खजुराचा डबा. “मॅडम के लिये,” तो म्हणाला. “मेरा औरत भेजा. मॅडम किधर?”

दीड-दोन महिन्यांत भिकाजींना हे कुणालाच सांगावं लागलं नव्हतं. गावी, कंपनीत, मंडळात, सगळीकडे शेजारच्या धनंजयनं फोन केले होते. लोक घरी यायचे ते सगळं माहीत असलेलेच. आता समोर पहिलाच माणूस होता ज्याला ठाऊक नव्हतं. भिकाजींनी शब्द शोधला. तीस वर्षं साइटवर, काम संपलं की, गॅस संपला की, माणसं नोकरी सोडून गेली की, जो एकच शब्द वापरला, तोच आला.

“मॅडम... खलास.”

“खलास?” महमूदला वाटलं, शेण संपलं. तो हसला. “कोई बात नहीं, नीचे पूरा गाडी है.”

“नहीं,” भिकाजी म्हणाले. “मॅडम खलास.”

आणि दाराची कडी धरून ते तिथंच रडू लागले. स्मशानात आलं नव्हतं, गावी आईच्या गळ्यात पडून आलं नव्हतं, ते सगळं एका परक्या माणसासमोर, अल् घुब्र्यात, उघड्या दारात आलं. महमूदनं डबा जमिनीवर ठेवला, भिकाजींचा हात दोन्ही हातांत धरला आणि ते थांबेपर्यंत उभा राहिला.

नंतर त्यानं सावकाश विचारलं, “तो गोबर किसको?”

भिकाजी त्याला बाल्कनीत घेऊन गेले. किडा कुंडीमागे गोळा ढकलत होता. महमूद दिशदाशा सावरून खाली बसला. त्यानं किड्याकडे पाहिलं, भिकाजींकडे पाहिलं, आणि पुन्हा किड्याकडे. तो हसला नाही.

“आफ्रिका का,” भिकाजी म्हणाले. “वो लेके आयी.”

“इतना दूर से,” महमूद म्हणाला.

गोळा फरशीच्या फटीत अडकला. किडा बाजूला झाला, वर चढला, उतरला, आणि दुसऱ्या अंगानं रेटू लागला. हॉलमध्ये इंटरकॉम वाजत होता. खाली एव्हाना तीन गाड्या अडकल्या होत्या.

“बजता है,” महमूद म्हणाला.

“हां,” भिकाजी म्हणाले, आणि खजुराचा डबा आणायला तेवढे उठले.