मार्तंड मास्तरांची दगडातली वाम

जिंतूरचे मार्तंड मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि शाळा सुटल्यावर भेटेल त्याला शिकवायचे. सत्त्याऐंशी साली गल्लीतल्या सीतारामच्या शेतातल्या विहिरीला सुरुंग लावला तेव्हा चुनखडीची एक फरशी वर आली. तिच्यावर हातभर लांब, नागमोडी ठसा.

"नागोबा हाय," सीतारामनं हात जोडले.

"वाम आहे, मासा," मास्तर म्हणाले. "पाठीवरचा पर बघ, शेपटीला वळसा घालून पोटाखाली आलाय. त्यात या बारीक काड्या. नागाला असतात का? परात काड्या असणाऱ्या माशांचं लय जुनं खानदान आहे. रोहू, मरळ त्यातलेच. ही त्यांची लांबोडकी चुलती."

मास्तरांनी फरशी घरी आणली आणि औरंगाबादच्या एका भूशास्त्राच्या प्राध्यापकांना पत्र टाकलं. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी येतो, असं उत्तर आलं.

नागपंचमीला मास्तर पाहुण्यांसाठी खवा घेऊन परतले, तर घरमालकीण कमलबाईंनी फरशीवर तेलात कालवलेला शेंदूर थापलेला, आणि गल्लीतल्या बाया लाह्या वाहायल्या.

"कमलबाई, हा मासा आहे."

"असू द्या की. देव कोणत्या रूपात यील, सांगता येतंय व्हय?"

रॉकेल झालं, राख झाली, शेंदूर हलेना. सकाळी मास्तरांनी शाळेतून आम्लाची बाटली आणली अन् ओतली. फरशीवर फसफसून फेस आला.

"बघ, कसा निघायलाय," ते बायकोला म्हणाले.

लीलाबाई वाकून बघत होत्या. "अहो, फेस शेंदराचा हाय का दगडाचा?"

"तू चहाचं बघ."

पाणी मारलं. शेंदूर गेला होता. वामही गेली होती. आम्लानं चुनखडी विरघळते, हे मास्तर दर वर्षी नववीला शिकवायचे.

दहाच्या एसटीनं प्राध्यापक आले. त्यांनी फरशी दोन्ही बाजूंनी पाहिली. "वाम कुठं आहे?"

"होती," मास्तर एवढंच बोलले.

"कुणी पाहिली?"

मास्तरांची बाजू राखायला अख्खी गल्ली जमली. कमलबाई पुढं झाल्या. "म्या माझ्या हातानं पूजा केली, साहेब. फणा इथं होता."

"दहाचा आकडा बी होता," सीताराम म्हणाला.

प्राध्यापकांनी वहीत लिहिलं, 'नागसदृष्य आकृती. आता अस्तित्वात नाही.' आणि वही सहीसाठी मास्तरांपुढं धरली.

मास्तरांनी खिशातलं पेन काढलं. मग 'सदृष्य' खोडून 'सदृश' केलं, आणि खाली सही ठोकली.