मनोहर काकाजींची उभी मोटार

१४ डिसेंबर. नवे तांदूळ निवडत अंगणात बसले होते. शेजारचे मनोहर काकाजी कुंपणावरून ओरडले, "वंदना, दोन वाट्या साखर दे! केक टाकून राहिलो."

काकाजी ब्याऐंशी वर्षांचे. केसांचा काळाभोर फुगा, डोळ्यांवर गॉगल, गळ्यात रेशमी रुमाल. सगळ्या वरठी गावात या थाटात चुलीपुढे बसणारा दुसरा माणूस नाही. तरुणपणी ते एका राइस मिलच्या मालकाची मोटार चालवायचे. केक शिकले मालकाच्या आचाऱ्याकडून, केसांचा फुगा टुरिंग टॉकीजच्या पडद्यावरून.

त्यांना ओव्हन लागत नाही. घमेल्यात वैनगंगेची रेती तापवायची, तिच्यात केकचा डबा रोवायचा, झाकणावर निखारे. घड्याळही लागत नाही. त्या काळची आठ गाणी ओळीनं म्हणायची, आठवं संपलं की डबा उतरवायचा. एखादं कडवं आठवेपर्यंत अडले, तर केक करपतो.

एकदा माझ्या दाताखाली कचकन खडा आला. "काकाजी, रेती लागते!"

"लागनच. नदीचा माल आहे. बेकरीत भेटते का तुले?"

काकाजींच्या दारापुढची मोटार मालकानंच गाव सोडून जाताना दिलेली. इंजिन केव्हाच बसलं. तरी काकाजी चाकांत हवा भरतात, काच पुसतात, आत बसून गिअर टाकतात. तासाभरानं उतरून सांगतात, "शहापूरले जाऊन आलो. हायवेवर लय गर्दी!"

"काकाजी, मोटार तर जागची हलली नाही."

"तू पेट्रोल पाहतं, मी रस्ता पाहतो."

त्यांचा मुलगा प्रकाश पुण्याला असतो. परवा त्याचा फोन आला. "ताई, सोमवारी भंगारवाला पाठवतो. बाबा माझं ऐकत नाहीत, तुम्ही समजवा." मला पटलं. मोटारीत उंदीर झालेत, आणि गल्लीतून माझी स्कूटी निघता निघत नाही. साखर देऊन टाकली आणि दुपारी तांदूळ आटोपून सांगायला गेले.

काकू अंगणात खाटेवर होत्या. दोन वर्षांपासून त्यांना विसर पडतो. काकाजी नुकतेच आंघोळ करून आले होते. केस ओले, चपटे, गॉगल नाही. काकू घाबरून माझ्याकडे सरकल्या. "हा म्हातारा कोन व? घरात काहून शिरला? काढ त्याले बाहेर!"

काकाजींनी आरशापुढे उभं राहून फुगा बसवला, गॉगल चढवला, रुमाल बांधला. मग मोटारीत जाऊन बसले आणि रबरी भोंगा दोनदा दाबला.

काकूंनी पदर सावरला. "आले वाटते," मला हळूच म्हणाल्या, आणि जाऊन त्यांच्या शेजारी बसल्या.

"किती उशीर केला जी!"

"रेल्वेचं फाटक लागलं होतं. घे, केक खा."

सांगायला आले होते ते सांगितलंच नाही. घरी आले आणि स्वयंपाकाला लागले.

१५ डिसेंबर, सोमवार. सकाळी भंगारवाला टेम्पो घेऊन आला. मी त्याला माझ्याच दारात थांबवलं. जुना कूलर, गंजलेला लोखंडी पलंग, गळकी टाकी, सासऱ्यांची सायकल, एकेक करून सगळं चढवलं.

"अन् ते मोटार?" त्यानं विचारलं.

"आता जागा कुठं आहे तुझ्या गाडीत?" म्हटलं, आणि प्रकाशला फोन लावायला घरात गेले.