झाकणातला त्रिकोण

घड्याळजीने मनगटी घड्याळाचं मागचं झाकण काढलं, ते पितळी डबीला टेकवून उभं ठेवलं, भिंग डोळ्याला लावलं आणि श्वास घ्यायचाच विसरला.

वीस वर्षं तो घड्याळंच उघडत आला होता. पण त्या दुपारी दिव्याचा उजेड उभ्या झाकणावर पडला, तिथून उलटून यंत्रावर आला, आणि आतले लाल खडे एकदम पेटल्यासारखे दिसले. मधलं केसासारख्या स्प्रिंगचं चाक मागेपुढे, मागेपुढे होत होतं. झोपलेल्या बाळाचं पोट हलावं तसं. नखाएवढ्या जागेत कुणीतरी अख्खं गाव वसवलं होतं आणि गावात दिवे लागले होते. कुणाला तरी हे दाखवायलाच हवं, असं त्याला फार वाटलं, आणि नको ते त्याने नेमकं केलं. मोबाइल काढला, त्याच्या डोळ्यावर भिंग धरलं आणि फोटो घेतला.

नको ते म्हणजे, काकांच्या कायद्याने नको ते. दुकान काकांचं. विद्याही काकांचीच. आता हात थरथरतात म्हणून ते दाराजवळच्या खुर्चीत बसतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या घड्याळांना नावं ठेवतात. त्यांनी पुतण्याला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "गिऱ्हाईक विश्वासाने घड्याळ देतं. त्याचं पोट उघडलं की बघायचं, दुरुस्त करायचं, मिटायचं. बोभाटा करायचा नाही." त्यामुळे खुर्चीत काका पेंगत असताना पुतण्याने गुपचूप तो फोटो हौशी छायाचित्रकारांच्या एका ऑनलाइन गटावर टाकला. गटात चाळीस हजार सदस्य होते, आणि काका त्यांतले नाहीत याची त्याला खात्री होती.

फोटोचं नाव त्याने ठेवलं 'श्वास'. चाळीस हजारांपैकी निम्म्यांचा तरी अडकला असावा. आठवड्याभरात गटाच्या संचालकांचं पत्र आलं: वर्षभरातल्या बारा फोटोंचं प्रदर्शन भरणार आहे, त्यात 'श्वास' निवडला आहे, भिंतभर मोठा करून लावू.

घड्याळजीची बायको ग्रंथालयात नोकरीला होती. एरवी ग्रंथालयात कुणी खोकलं तरी ती डोळे वटारत असे. त्या दिवशी तिने स्वतःच भर वाचनकक्षात मोठ्याने बातमी सांगितली आणि झाडून सगळ्या वाचकांना प्रदर्शनाचं आमंत्रण देऊन टाकलं.

"काकांना नको सांगूस एवढं," घड्याळजी म्हणाला.

"वेड लागलंय का मला?" बायको म्हणाली. "त्यांना सोडून सगळ्यांना सांगितलंय."

तिसऱ्या दिवशी माशी शिंकली. गटात 'चिकित्सक' नावाचा एक सदस्य होता. स्वतः त्याने आजवर एकही फोटो टाकला नव्हता, पण दुसऱ्यांचे सगळे त्याला पाठ होते. त्याने लिहिलं, "हा फोटो मी आधी पाहिलाय." आणि खाली पुरावा जोडला: सात वर्षांपूर्वी 'दुर्बीण' नावाच्या सदस्याने टाकलेला एक फोटो. या दुर्बिणीने जन्मात तेवढा एकच फोटो टाकला होता.

घड्याळजीने तो पाहिला आणि त्याच्या हातातला चहा तसाच राहिला. तेच उभं झाकण. तोच उलटून आलेला उजेड. तेच पेटलेले लाल खडे. आपलंच स्वप्न सात वर्षांपूर्वी दुसऱ्याला पडून गेलंय, असं काहीतरी ते होतं.

"कोपऱ्यात पट्ट्याचा निळा टाका तेवढा वेगळा आहे," चिकित्सकाने पुढे लिहिलं होतं. "चोराने मुद्दाम घातलेला दिसतो. याला प्रेरणा म्हणत नाहीत."

संचालकांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली. खुलासा करा, नाहीतर जाहीर माफी मागा. फोटो प्रदर्शनातून जाईल आणि तुम्ही गटातून.

"अहो, तुम्ही खरंच नव्हता ना पाहिला तो?" बायकोने विचारलं.

"गटात येऊन मला वर्ष नाही झालं! सात वर्षांपूर्वीचं कुठून उकरून काढू?"

"मग तसं लिहा."

"चोर दुसरं काय लिहितो?"

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं, पण घड्याळजीला एक मेहुणा होता आणि त्याला मदत करायची खोड होती. त्याने भावोजींच्या अब्रूसाठी एका सकाळी पाच खोटी खाती उघडली आणि पाचांवरून साक्ष दिली. पाचही साक्षी "आपला विश्वासू" या शब्दांनी संपत होत्या, बाईच्या नावाने दिलेलीसुद्धा. चिकित्सकाने शांतपणे लिहिलं, "हे पाचही विश्वासू आज अकरा ते सव्वाअकरा या वेळात जन्मले आहेत."

"निदान वेळ तरी बदलायचीस!" घड्याळजी फोनवर ओरडला.

"भावोजी, घाईत होतो हो. तुमचंच काम होतं ना," मेहुणा म्हणाला. "अजून पाच उघडू का?"

हसण्यावारी नेण्यासारखं हे होतं, पण गुरुवारी शेजारचा चष्मेवाला दुकानात आला आणि दुरुस्तीला दिलेलं घड्याळ परत मागू लागला.

"अजून झालं नाही ते."

"असू दे, असू दे. तसं काही नाही हो," चष्मेवाला छताकडे बघत म्हणाला. "पण घरी म्हणतात, जो दुसऱ्याचा फोटो उचलतो, तो आतला एखादा खडा..."

घड्याळजीने घड्याळ काढून दिलं. या धंद्यात माणूस स्वतःच्या बापाची आठवण तुमच्या हातात ठेवून निघून जातो; आत तुम्ही काय केलंत ते त्याला कधीच दिसत नाही. त्याच्याकडे असतो तो फक्त भरवसा. काकांनी चाळीस वर्षं जपलेला तो भरवसा एका फोटोपायी उठून चालला होता.

"चष्मेवाला का आला होता?" खुर्चीतून काकांनी विचारलं.

"सहज."

"सहज कुणी तोंड पाडून जात नाही," काका म्हणाले आणि पुन्हा रस्ता पाहू लागले.

शुक्रवारी सकाळी माफी लिहायला बसलेल्या घड्याळजीला वाटलं, निदान ज्याची चोरी केल्याचा आळ आहे त्याचा माल तरी एकदा नीट बघून घ्यावा. त्याने दुर्बिणीचा फोटो मोठा केला आणि मोबाइलच्या पडद्यावर भिंग लावलं. भिंगातून बघताना तो माणूसच वेगळा होई. लिहिणं त्याला जमत नसे, बघणं मात्र जमे.

झाकणाच्या आतल्या अंगाला बारीक ओरखडे होते. परक्याला ते नुसते ओरखडे वाटले असते. पण घड्याळ दुरुस्त झालं की घड्याळजी सुईच्या टोकाने झाकणात आपली खूण करून ठेवतो, म्हणजे पुढच्याला कळावं की इथे कुणाचा हात फिरलाय. जुन्या घड्याळाच्या झाकणात अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या खुणा असतात. न भेटलेली माणसं एकाखाली एक सही करून गेलेली असतात. दुर्बिणीच्या फोटोत चार खुणा होत्या. शेवटची होती एक त्रिकोण, आणि त्या त्रिकोणाची तिसरी रेघ थरथरलेली होती.

मग त्याने स्वतःचा फोटो लावला. त्याच चार खुणा. तोच थरथरलेला त्रिकोण. आणि त्याच्याखाली पाचवी, एक ठिपका आणि शेपूट. ती त्याची स्वतःची होती, मागे एकदा केलेल्या दुरुस्तीची.

दोन्ही फोटो एकाच घड्याळाचे होते. घड्याळ होतं निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचं. आणि त्रिकोण... त्रिकोण त्याने शेकडो झाकणांत पाहिला होता. सात वर्षांपूर्वी या दिव्याखाली, या स्टुलावर एकच माणूस बसत असे. पुतण्या तेव्हा पुढच्या फळीवर भिंतीवरची मोठी घड्याळं उघडत असे.

घड्याळजी उठून खुर्चीजवळ गेला. पण काकांना विचारायचं तर आधी स्वतःचं पाप सांगावं लागणार होतं.

"काका, मी बाईंच्या घड्याळाचा आतला फोटो काढला. चाळीस हजार लोकांना दाखवला."

काकांचा चेहरा लाल झाला. ओरडण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं. पुतण्याने मोबाइलवरचा दुसरा फोटो समोर धरला. काकांनी तोंड मिटलं.

त्यांनी मोबाइल हातात घेऊन डोळ्याजवळ नेला.

"शेवटचं घड्याळ होतं ते माझं," काका म्हणाले. "खूण करताना सुई हलली. तेव्हाच कळलं, आता पुरे. पण झाकण लावायला हात धजेना. इतकं सुरेख दिसत होतं रे आत! म्हटलं, एकदा टिपून ठेवू या. मोबाइल डबीवर टेकवला, म्हणजे हात हलायला नको. मग राहवेना, 'दुर्बीण' नावाने त्या गटावर टाकला."

"मला नाही सांगितलंत?"

"तुला कायदा मीच शिकवलेला. कुठल्या तोंडाने सांगू?" काका पुटपुटले. "मोबाइल बिघडला, ते खातं गेलं. चांगलंच झालं म्हटलं."

घड्याळजीने मग सगळं सांगितलं: चिकित्सक, मेहुणा, चष्मेवाला, माफी. काका ऐकत गेले आणि त्यांच्या डोळ्यांत हळूहळू चमक आली.

"म्हणजे नक्कल नाही केलीस म्हणतोस?"

"देवाशपथ नाही."

"केलीस! दिवा तिथे कुणी लावला? मी. स्टूल कापून बसकं कुणी केलं? मी. झाकण डबीला टेकवायला, मान कुठे वाकवायची, कधी दम धरायचा, कुणी शिकवलं? सात वर्षं माझ्या जागेवरून बघतोयस, तर दिसणार काय दुसरं?" आणि थरथरता हात त्यांनी पुतण्याच्या गुडघ्यावर ठेवला. "पण तुझा जास्त चांगला आलाय. माझ्यात चाक जरा पुसट आहे."

पुतण्याला एकदम रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

दुपारी संचालकांना खुलासा गेला: दोन्ही फोटोंतलं झाकण मोठं करून, आणि सोबत काका थरथरत्या हाताने पत्र्यावर त्रिकोण काढत असल्याचं चलचित्र. चिकित्सकाने ते तीनदा पाहिलं म्हणे. मग त्याने लिहिलं, "दोन्ही फोटो एकाच घड्याळाचे, एकाच दुकानातले! मी चुकलो." खुद्द चिकित्सक चुकल्याचं पाहून गट अर्धा दिवस गप्प होता. संचालकांनी ठरवलं, दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावायचे.

प्रदर्शनात ते भिंतभर उभे राहिले तेव्हा लोक बोलायचे थांबत होते. चष्मेवाला तर चष्मा पुसून पुन्हा बघून गेला आणि जाताना म्हणाला, "ते घड्याळ उद्या आणून देतो हं." काका नवा सदरा घालून ताठ उभे होते. सगळं कसं मार्गी लागलं होतं, आणि तेवढ्यात दारातून मुख्याध्यापिका बाई आत आल्या.

"यांना कुणी बोलावलं?" घड्याळजी कुजबुजला.

"मीच," बायको म्हणाली. "त्या आमच्या सगळ्यांत जुन्या वाचक!"

काका-पुतणे एकाच खांबाआड गेले. बाई 'श्वास'समोर थांबल्या. कोपऱ्यातल्या निळ्या टाक्याकडे त्यांनी निरखून पाहिलं, मग आपल्या मनगटावरच्या पट्ट्याकडे. तो टाका त्यांनी स्वतः घातला होता.

"बाहेर या दोघं," त्या खांबाकडे न बघताच म्हणाल्या.

दोघं वर्गात उशिरा आल्यासारखे बाहेर आले.

"फोटो कुणाचा म्हणून एवढा तंटा केलात. घड्याळ कुणाचं, हे विचारावंसं नाही वाटलं कुणाला?"

"चुकलंच, बाई," काका म्हणाले. "आधी माझं. मग याचं."

बाई पुन्हा फोटोकडे वळल्या. त्यांचा आवाज एकदम उतरला. "पन्नास वर्षं हे मी हातात घालून फिरतेय. आत हे असं चाललेलं असतं?"

"अखंड," काका म्हणाले.

"मग मलाही बघायचंय. खरं. आत्ता."

दुकान उघडलं. बाईंना बसक्या स्टुलावर बसवलं. पुतण्याने झाकण काढून डबीला टेकवलं, काकांनी दिव्याची मान वाकवली, आणि भिंग बाईंच्या डोळ्याला लावलं. बाई वाकल्या. कितीतरी वेळ त्या हलल्या नाहीत. भिंगाखालून एक थेंब ओघळून हनुवटीपर्यंत आला, तो त्यांनी पुसलाही नाही. मग त्यांनी चाचपडत पर्समधून मोबाइल काढला.

"भिंग असं धरायचं ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गटात एका नव्या सदस्येने आपला पहिलाच फोटो टाकला. चौथ्या मिनिटाला खाली चिकित्सकाने लिहिलं, "हा फोटो मी आधी पाहिलाय."