मसाजीची दाढ आणि रखमाजीचं बोट

मसाजीची अक्कलदाढ उठली ती नेमकी मुलगी बघायला निघाल्यावर. चार दिवस आधी उठली असती तर लवंग दाताखाली धरून तो मेंढरांमागे हिंडला असता आणि कोणाला पत्ताही लागला नसता. पण नाही! नरसीहून बैलगाडी निघाली तेव्हा ती नुसती कुरकुरत होती, हिंगोलीला मावशीकडे मुक्काम पडला तेव्हा ठणकायला लागली, आणि सकाळी कनेरगाव नाक्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मसाजीचा उजवा गाल फुगून डोळ्याला टेकला.

"दादा, गाडी माघारी फिरवा," त्याची आई पंचफुलाबाई आपल्या भावाला, किसनमामाला म्हणाली. "असलं थोबाड बघून कोन पोरगी देईल माज्या लेकराला?"

"न्हाई!" मसाजी गाल दाबून ओरडला. "जीव गेला तरी चालंल, गाडी फिरवायची न्हाई!"

त्याचंही खरं होतं. मागच्या शिवरात्रीला औंढ्याच्या जत्रेत त्याने चांगुणाला पाहिलं होतं. एक माजलेला मेंढा दावं तोडून मिठाईवाल्याच्या पालात शिरत होता. या पोरीने त्याची शिंगं धरून त्याला जागच्या जागी बसवला आणि वर बघ्यांनाच चार शब्द सुनावले. तेव्हापासून मसाजीला दुसरी मुलगी सुचवायची सोय राहिली नव्हती. वर्षभर आईच्या मागे भुणभुण लावून त्याने हा दिवस उजाडवला होता.

अडचण होती ती मुलीच्या बापाची. कनेरगावचा रखमाजी म्हणजे मेंढरांच्या बाजारातलं बडं प्रस्थ. मेंढराचा खालचा ओठ दाबून तो नुसतं बोट फिरवायचा आणि वय सांगायचा, दोनदाती आहे, चारदाती आहे, की दात पडायला लागलेलं म्हातारं आहे. त्याचा शब्द म्हणजे कोर्टाचा निकाल. निजामाच्या राज्यात तेव्हा खेड्यापाड्यातल्या माणसांच्या जन्मतारखा कोण मांडून ठेवतो? त्यामुळे रखमाजीला हळूहळू माणसांचंही तोंड उघडायची खोड लागली होती. चांगुणासाठी आलेल्या प्रत्येक पोराचे दात त्याने बघितले होते आणि प्रत्येकाची काही ना काही खोट काढून त्याला वाटेला लावलं होतं. "मानूस खोटं बोलंल, पन त्याचे दात खोटं बोलत न्हाईत," असं तो म्हणायचा. मेंढराला वरचे पुढचे दात नसतातच, त्यामुळे माणसाचं अर्धं तोंड त्याला उगाच जास्तीचं वाटायचं ते वेगळं.

आणि मसाजीच्या वयाबद्दल आधीच बोंब होती. मानमोडीच्या साथीच्या साली जन्मलेला पोरगा, म्हणजे बाविशीतला. पण कपाळावरचे केस अवेळी पांढरे झालेले. त्यामुळे चाळीशी लपवून लग्न करतोय, अशी कुजबुज त्याच्या आधीच कनेरगावात जाऊन पोचली होती.

नाक्यावर वऱ्हाडात जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. करोडगिरीचा, म्हणजे निजामाच्या जकातीचा, जवान एकेक गाडी तपासत होता. मसाजीचा गाल बघताच त्याचे डोळे चमकले.

"ए, गाल में क्या दबाया है?"

"दाढ हाय साहेब," किसनमामा म्हणाला.

"सब ऐसाच बोलते. मुँह खोल!"

मसाजीने कण्हत तोंड उघडलं. जवानाने आत वाकून बघितलं, चटकन मागे सरला आणि निंबाच्या झाडाकडे हात केला. "जल्दी इनायत के पास ले जाव इसको."

झाडाखाली इनायत नालबंद एका बैलाला नाल ठोकत होता. अडल्यानडल्या माणसाची दाढही तो काढायचा. त्याने मसाजीचा गाल चाचपला.

"अक्कलदाढ हाय. वाकडी येऊन राहिली. आज न्हाई काढली तर उद्या कानात जाईल तकलीफ."

"लई दुखंल का?" मसाजीने विचारलं.

"हे म्या बैलाला कदी इचारलं न्हाई," इनायत म्हणाला आणि सवयीने मसाजीचे पाय बांधायला लागला.

"अवो इनायतभाई, पायाला नाल न्हाई ठोकायची!" पंचफुलाबाई घाबरून म्हणाली.

"ठावं हाय बाई. पन लाथ मलाच बसती ना!"

मग दोन गाडीवानांनी खांदे धरले, किसनमामाने डोकं धरलं. "हो हो हो, राजा, हल्लू," असं गोंजारत इनायतने पकड आत घातली आणि असा काही हिसका दिला की मसाजीच्या आरोळीने रांगेतले दोन बैल जुवासकट फिरले. दाढ निघाली! गाडीवानांनी टाळ्या वाजवल्या. इनायतने तुरटीच्या पाण्यात भिजवलेला कापूस मसाजीच्या दाढेच्या खड्ड्यात कोंबला. "आता सांजवर तोंड उघडायचं न्हाई. बोलायचं तर बिलकुल न्हाई."

ठणका थांबला तशी मसाजीच्या जिवात जीव आला. पण पंचफुलाबाई मटकन खाली बसली.

"आरं देवा! रखमाजी तोंड बघनार अन त्यात एक दाढ न्हाई. तो काय म्हनंल? पोराच्या दाढा पडायला लागल्या म्हनंल!"

"खरं सांगू की. काढली म्हनून," किसनमामा म्हणाला.

"अन कोन इस्वास ठेवंल? त्यापरीस तोंडच उघडायचं न्हाई. मसाचं मौन हाय म्हनायचं. नागनाथाला नवस बोलली हाय मी."

"अन गाल?"

"मधमाशी चावली."

एवढी तयारी करून मंडळी रखमाजीच्या अंगणात येऊन घोंगडीवर बसली. रखमाजी उंच, सुकडा, पांढऱ्या मिशांचा. रामराम झाला, मेंढरांची चौकशी झाली. मौनाचं ऐकून तो चक्क खूश झाला.

"चांगलं हाय. आजकालची पोरं वटवट लई करत्यात. काही हरकत न्हाई पाव्हनं, बोलू नगा." असं म्हणून त्याने हाताची बोटं धोतराला पुसली. "तोंड मातर उघडा."

पंचफुलाबाईने भावाकडे बघितलं. भाऊ धावून आला. "उपासबी हाय वो त्याचा."

"मी काय जेवायला घालून राहिलो? बघतो नुसतं."

दारात चांगुणा गूळपाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ओठ दाबून हसत होती. मसाजीने तिच्याकडे बघितलं. हिच्यासमोर माघार कशी घ्यायची? त्याने डोळे मिटले आणि तोंड उघडलं. रक्ताने माखलेला कापसाचा बोळा टपकन रखमाजीच्या तळहातावर पडला.

रखमाजीने बोळ्याकडे बघितलं, मग गालाकडे. "मधमाशी आत शिरून चावली व्हय?"

रखमाजीने मान वाकडी करून आत डोकावलं आणि जीभ टाळ्याला लावून 'च् च्' केलं.

"मागली दाढ गेली बाई. दाढा पडायला लागल्या तुमच्या पोराच्या. चाळीशीच्या पुढं हाय."

"मानमोडीच्या साली झालाय वो तो! नागनाथाची आन!"

"अवो पाव्हनं," किसनमामा भाच्यासाठी पुढे सरसावला, "मला इचारा ना! आमी दोघं संगंच इटीदांडू खेळलोय!"

किसनमामाच्या डोक्यावर औषधाला केस नव्हता आणि त्याला दोन नातवंडं होती. रखमाजीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तेच म्हनून राहिलो मी," तो म्हणाला.

आता मसाजीला राहवेना. "पडली न्हाई, काडली! आत्ता, नाक्यावर! इनायतभाईनं!"

"मौन मोडलं," रखमाजी शांतपणे म्हणाला. पण माणूस न्यायाचा होता. त्याने इनायतला बोलावणं धाडलं.

इनायत पकडीसकट आला. आपल्या कामाची एवढी चौकशी होते आहे हे बघून त्याला भरून आलं.

"काडली ना! पन काय दाढ होती रखमाजी! अशी मुरलेली दाढ म्या उभ्या जिंदगीत बघितली न्हाई. जुन्या बाभळीचं खोड उपटावं तशी निघाली. चाळीस साल तरी जमिनीत असंल!"

"इनायतभाई!" पंचफुलाबाईने कपाळावर हात मारला. रखमाजी उठून पटका बांधायला लागला. पटका बांधणं म्हणजे पाहुण्यांनी निघावं, एवढं कळायला कोणी शहाणं असायची गरज नव्हती.

वर्षभर ज्या पोरीसाठी मसाजीचा जीव टांगणीला लागला होता ती चार हातांवर उभी होती, आणि एका दाढेपायी सगळं चाललं होतं. तो ताडकन उठला.

"रखमाजीबाबा, मेंढराची एकच बाजू बघून तुमी निकाल देता का?"

रखमाजीचा पटका अर्धाच राहिला. त्याच्या कसबावर आजवर कोणी असं बोट ठेवलं नव्हतं.

"बस खाली," तो म्हणाला. "आ कर. डावी बाजू बघतो."

त्याने तर्जनी डाव्या बाजूला पार आत सारली. तिथे दुसरी अक्कलदाढ हिरडी फोडून अर्धी वर आली होती आणि तिच्यावरचं मांस नुसतं हुळहुळत होतं. रखमाजीने तिथेच कचकन दाबलं. मसाजीने मुद्दाम काही केलं नाही, पण त्याचा जबडा आपसूक मिटला.

"आय गं! मेलो! सोड!" रखमाजी अंगणभर नाचायला लागला, आणि बोट तोंडातच असल्यामुळे मसाजीही त्याच्यामागे नाचला. शेवटी इनायतने दोन्ही अंगठे घालून जबडा उघडला. चांगुणाने हळदीची चिंधी आणून बापाचं बोट बांधलं. हसू दाबून तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

सगळं संपलं असं वाटून पंचफुलाबाई पदर डोळ्याला लावायच्या बेतात होती. पण रखमाजी बोट धरून कसल्यातरी विचारात पडला होता.

"दाढ हाय तिथं," तो पुटपुटला. "अर्धी वर आलेली. नवी कोरी! आजून दात येऊन राहिले याला."

"म्हंजे म्हातारा न्हाई ना माजं लेकरू?"

"म्हातारा? बाई, हे तर दूधपितं हाय!"

किसनमामाने मांडीवर थाप मारली. "मग फोडा सुपारी!"

"सुपारी?" रखमाजीने त्याच्याकडे असं बघितलं की मामाची थाप अर्ध्यातच विरली. "समदे दात येऊन तोंड भरल्याबिगर म्या मेंढरू बाजारात काडत न्हाई. अन आजून दाढ न आलेल्या पोराला माजी पोरगी देऊ? न्हाई. दाढ पुरी वर येऊ द्या, मग या."

"पन ती येनार कवा?"

सगळे इनायतकडे बघायला लागले. इनायतने दाढी खाजवली. "अक्कलदाढेचं काय सांगावं? साल लागंल, दोन साल लागतील. काही लोकांची तर मरंपत्तूर येत न्हाई."

मसाजीला हसावं की रडावं तेच कळेना. घटकाभरात तो चाळीशीतून दूधपित्यावर आला होता, आणि लग्न होतं तिथेच होतं. तो मान खाली घालून पायताण शोधायला लागला.

"आबा," दारातून आवाज आला.

चांगुणा तांब्या खाली ठेवून पुढे आली. "माजीबी दाढ येऊन राहिली."

"तुजी?"

"व्हय. दोन महिने झाले दुखून राहिली. तुमाला बोलले न्हाई, तुमी लगीच इनायतकाकांना बलावलं असतं." तिने एकदाच मसाजीकडे तिरपं बघितलं. "मेंढरांची जोडी लावायची तर सारख्या दाताची लावावी, असं तुमीच म्हनता ना? मग सारखीच हाय की. अन न्हाई लावली तर बसा माजे दात पडंपत्तूर जावई शोधत."

रखमाजीची मिशी हलली. सारख्या दाताची जोडी! हे त्याला एकदम पटलं. "आ कर," तो म्हणाला.

चांगुणाने मोठ्ठा आ केला. रखमाजीने बोट उचललं. बोट चिंधीत गुंडाळून केळ्याएवढं झालं होतं. ते काही कोणाच्या तोंडात मावण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या हाताने दात बघायची त्याला सवय नव्हती. त्याने वाकून एक डोळा मिटून बघितलं, पण मागे सगळा अंधारच.

"म्या बघू का?" इनायतने पकड सावरत विचारलं. चांगुणाचं तोंड खाडकन मिटलं.

"नगं नगं," रखमाजी घाईने म्हणाला. "दुखऱ्या दाढेला आजून कशाला तकलीफ? हाय. दाढ हाय बराबर. दिसली मला."

आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा रखमाजीने न बघितलेल्या दातावर होकार दिला. सुपारी फुटली. ती फोडायला अडकित्ता इनायतनेच धरला, आणि गुळाचा खडा मसाजीच्या उजव्या गालात सासऱ्याने स्वतःच्या हाताने घातला, दुसऱ्या हाताच्या बोटांनी, आणि लांबूनच.

त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. दिवाळी सरली आणि मसाजीची डावी दाढ उरलेली वर यायला निघाली. तो गाल शेकत अंगणात बसला होता. पेजेशिवाय काही गिळवत नव्हतं. चांगुणा शेजारी बसून फुटाणे खात होती. कडाम् कुडूम्, कडाम् कुडूम्, कधी या दाढेने, कधी त्या दाढेने. मसाजी बराच वेळ बघत राहिला.

"चांगुणे, तुजी दाढ आता दुखत न्हाई व्हय?"

"कोन्ती दाढ?" असं म्हणून तिने आणखी एक मूठ फुटाणे तोंडात टाकले.