अडून बसलेला कावळा

एका जंगलात एक रिवाज होता, बाळांनो. कुणी गेलं की दहाव्या दिवशी नदीकाठी भाताचा पिंड ठेवायचा. कावळा शिवला की गेलेला सुटला. नाही शिवला, तर त्याची काहीतरी इच्छा राहिली असं समजायचं.

पूर्वी कावळे पटकन शिवत. मग एका कावळ्याच्या लक्षात आलं, की जितका उशीर करावा तितकं पान भरत जातं.

साळूबाई नावाच्या साळिंदरीचा नवरा गेला. दहाव्याला तिने पिंड ठेवला. कावळा फांदीवर चोच घासत बसला.

"इच्छा राहिलीय," बगळे गुरुजी एका पायावर उभे राहून म्हणाले. "आठवा."

"ह्यांना कधी काही नकोच असायचं हो."

"असं कसं?" तरसकाकू म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्या वेळी श्रीखंड ठेवलं तेव्हा कुठे हलला."

श्रीखंड आलं. कावळा एक फांदी खाली उतरला. जिलबी आली. आणखी एक फांदी. सगळ्यांना चेव चढला. माकडाने बिळावर मजला चढवायचा शब्द दिला. रानडुकराने एसी कबूल केला. ससा म्हणाला, "त्यांना गाडी हवी होती. मला स्वतः बोलले होते."

"कुठल्या रंगाची?" कावळ्याने विचारलं. "लाल," ससा म्हणाला.

साळूबाईचं लक्ष उन्हाकडे होतं. सूर्य बुडाला की नवरा कायमचा अडकणार होता. तिला एवढंच ठाऊक होतं, की बावीस वर्षांत तो तिच्याआधी कधी जेवला नव्हता. "आधी तू बस," म्हणायचा. आणि दहा दिवस तिच्या पोटात धड घास नव्हता.

तिने अर्धा पिंड उचलून तोंडात घातला.

"अहो बाई, हे काय?" गुरुजींचा दुसरा पायही खाली आला.

ती सावकाश चावत राहिली. मग श्रीखंड संपवलं. मग जिलबीकडे वळली.

कावळ्याचा धीर सुटला. तो दगडासारखा खाली आला आणि उरलेल्या भातावर तुटून पडला.

"शिवला, शिवला," म्हणत सगळं जंगल नाचलं. ससा सांगत सुटला, "गाडीनेच शिवला. लाल म्हटल्याबरोबर."

साळूबाई नदीकडे तोंड करून हळूच म्हणाली, "जा आता. मी जेवले."

तात्पर्य: लोभाने धर्म बुडतो असं उगाच म्हणू नये. तो कावळा निर्लोभी असता, तर साळूबाईचा नवरा अजून नदीकाठी ताटकळत असता.